हॅवलॉक-नीलचा बेत: आधी ओहोटी बघायची की आधी बोटीचं तिकीट?

खारावारा

अंदमानचे बेत इथे बरेचदा तपासायला टाकले जातात. हॉटेल असतं, बोटीच्या वेळा असतात, स्कूबाचे दरही असतात. भरती-ओहोटीचा रकाना मात्र कुणी काढत नाही. मग नीलचा दगडी पूल बघायला माणसं ऐन भरतीत पोचतात आणि लांबून एक फोटो काढून परततात.

माझं म्हणणं असं की हॅवलॉक (स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) इथे बघण्यासारखं जे आहे, त्यातलं निम्मं पाणी किती वर आहे यावर ठरतं. नीलला लक्ष्मणपूर २ चा नैसर्गिक पूल आणि त्याच्या आजूबाजूची डबकी फक्त ओहोटीला बघता येतात. हॅवलॉकच्या एलिफंट बीचची जंगलवाट शेवटी खारफुटीच्या चिखलातून जाते आणि भरतीला तिथे पाणी भरतं. नीलच्याच भरतपूर किनाऱ्याला उलटं आहे. तिथे पार ओहोटी लागली की प्रवाळावर पोहायला पाणीच उरत नाही. म्हणून आधी भरतीचा तक्ता उघडायचा, दिवस त्यावर बसवायचे आणि मगच बोट काढायची.

चर्चेसाठी हा बेत धरू: पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) सोडून चार रात्री, जानेवारी-फेब्रुवारी, सोबत दहा वर्षांचं मूल आणि सत्तरीच्या आजी. हॅवलॉकला तीन रात्री, नीलला एक. खोडून काढा, भर घाला.

दर्यासारंग

मत पटलं, क्रम नाही पटला. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि २६ जानेवारीच्या आसपास बोटीच्या जागा आधी संपतात, हॉटेलं नंतर. तक्ता हातात घेऊन बसाल आणि हव्या त्या सकाळची बोट भरलेली असेल. आधी बोट, मग बाकीचं.

आणखी एक. सरकारी बोट म्हणजे बेटावरच्या लोकांची एसटी. दवाखाना, कचेरी, बाजार, सगळ्यासाठी ते तिनेच जातात. तिथे पर्यटकाला ऐनवेळी जागा मिळेल हे गृहीत धरू नये. खासगी कॅटामरानला (जुळ्या तळाच्या वेगवान बोटीला) पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड-पावणेदोन तास लागतात, सरकारी बोटीला अडीचच्या पुढे. कॅटामरानची बैठक बंद आणि वातानुकूलित असते. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं आणि ज्याला बोट लागते त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

खारावारा

@दर्यासारंग, पण तक्ता काही आदल्या दिवशी लागत नाही. भरती-ओहोटी चंद्रावर चालते, पुढच्या वर्षीच्या वेळाही आजच छापील मिळतात. तिकीटविक्री उघडायच्या आधीच तारखा ठरवता येतात.

उधाणभांग

दोघांचंही जुळतं, तिथीपासून सुरुवात केली की.

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी आणि प्रवाहही मंद. यावरून सरळ ठरतं: दगडी पूल, डबकी, खडकांवरून फिरणं यासाठी उधाणाचे दिवस. स्नॉर्केलिंगला (मास्क आणि नळी लावून पाण्याखाली बघत पोहायला) भांगाचे दिवस, कारण पाणी कमी हलतं, गाळ कमी उठतो आणि दिसतं लांबपर्यंत.

कोकणातला ठोकताळा मात्र तिथे लावू नका. 'तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ' हे आपल्या किनाऱ्यापुरतं आहे. बंदर बदललं की वेळ बदलते. पोर्ट ब्लेअरचा तक्ता बघा आणि एक गोष्ट टिपून ठेवा: एका बंदरात पौर्णिमा-अमावस्येची ओहोटी वर्षभर साधारण त्याच सुमाराला येते. ती वेळ एकदा कळली की पुढचे दिवस रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकवत जायचे. आज ओहोटी दुपारी २ ला असेल, तर उद्या २.५० ला, परवा ३.४० ला.

मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं, तिकडे दोन मीटरच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण प्रवाळाचा कट्टा जवळजवळ सपाट असल्यामुळे तेवढ्यातच तो मोठाच्या मोठा उघडा पडतो.

शेवाळं

नीलच्या पुलाबद्दल नेमकं लिहिते, कारण जास्तीत जास्त माणसं तिथेच घसरतात.

वाहन थांबतं तिथून थोडं उतरून किनाऱ्यावर यायचं आणि मग ओल्या, खाचखळग्यांच्या प्रवाळखडकावरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. साधी स्लिपर चालत नाही, मागे पट्टा नसेल तर खाचेत अडकून निघून येते. रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल किंवा पाण्यातले बूट हवेत. हिरवा खडक टाळा, राखाडी आणि खरखरीत दिसतो त्यावर पाय ठेवा. दोन्ही हात मोकळे ठेवा. पडलात तर प्रवाळाचा ओरखडा साधा नसतो, त्याचे बारीक कण जखमेत राहतात आणि ती चिघळते. गोड्या पाण्याने भरपूर धुवायची, मऊ ब्रशने किंवा कापडाने कण काढायचे, मग जंतुनाशक.

ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचायचं आणि पाणी पूर्ण उतरलं की निघायच्या तयारीला लागायचं. पाणी एकसारख्या वेगाने परत चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले, तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती येऊन जाते. दोन मीटरच्या उधाणात हे तासाला अर्धा मीटर झालं. 'आत्ता तर घोट्याइतकंच आहे' म्हणत रेंगाळणाऱ्यांची गडबड याच दोन तासांत उडते.

डबक्यांत हात घालू नका. समुद्री काकडी, काळे काटेरी अर्चिन, लहान ईल, सगळं तिथेच असतं. पाठ ओणवी करून दोन मिनिटं स्थिर बघत राहिलं, तर पळालेले मासे परत येतात.

आजींना पुलापर्यंत नेऊ नये. त्यांच्यासाठी लक्ष्मणपूर १ ची वाळू, तिथे सूर्यास्त बसून बघता येतो.

मृण्मयी_ठाणे

+१. आणि नीलला एक रात्र म्हणजे ओहोटीची एकच संधी. ती भल्या पहाटे किंवा अंधारात पडली की संपलं. दोन रात्री करा, हॅवलॉकच्या दोन.

दर्यासारंग

दोन रात्रींना माझा विरोध आहे. नील फार छोटं बेट आहे, सायकलवर एका दिवसात फिरून होतं. जेटीपासून सीतापूर पाचेक किलोमीटर, लक्ष्मणपूर त्याहून जवळ, रस्ता जवळपास सपाट.

मृण्मयी_ठाणे

फिरून होतं म्हणूनच राहायचं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, मधल्या वेळात भाजीची शेतं आणि नारळ-सुपारीच्या बागा. आजींना धावपळ नको असेल तर दोघांत नीलच बरं. भरतपूर तर जेटीला लागूनच आहे.

पायवाट

एलिफंट बीच चालत की बोटीने, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो.

चालत: हॅवलॉकच्या जेटीवरून राधानगरला जाणाऱ्या रस्त्यावर उजव्या हाताला वाटेचं तोंड आहे. अंतर दोन किलोमीटरच्या आत, पाऊण तास धरा. पहिला भाग दाट सदाहरित जंगलाचा. गर्जनची सरळसोट झाडं, बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं. मातीची वाट, पावसानंतर निसरडी. मग एकदम उजेड येतो आणि खारफुटीचा सखल पट्टा लागतो. इथे भरती असेल तर पाणी आणि चिखल, बूट रुतून तळवा सुटतो. किनाऱ्यावर आडवे पडलेले पांढरे ओंडके दिसतात ते २००४ च्या सुनामीत उन्मळलेल्या झाडांचे.

नोंद, वाटाड्या आणि वाट किती वाजेपर्यंत उघडी हे नियम हंगामागणिक बदलतात. आदल्या संध्याकाळी वनखात्याकडे विचारून ठेवा आणि सोबत वाटाड्या घ्याच. पावसाळ्यात वाट बंद असते आणि ते योग्यच आहे. माणशी दीड लिटर पाणी न्या, रिकामी बाटली परत आणा. जमीन भिजलेली असेल तर जळवा: मोजे विजारीवर ओढून घ्या, लागलीच तर नखाने कडेकडेने सोडवा, ओढू नका.

बोटीने: जेटीवरून वीसेक मिनिटं, पण प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालून लहान बोटीत चढता-उतरता आलं पाहिजे. किनाऱ्याशी उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. आजींचा तोल कसा आहे ते तुम्हीच ठरवा.

दहा वर्षांच्या मुलाला वाट आरामात जमते. माझं मत चालतच जा. बोटीने गेलेल्याला जंगल कळतच नाही.

खारावारा

नावाबद्दल पोरं हमखास विचारतात. लाकूडतोडीच्या काळात ओंडके ओढायला हत्ती आणले होते, नाव त्यांच्यावरून. समुद्रात पोहणारा राजन हा त्यांच्यातलाच. तो २०१६ मध्ये हॅवलॉकलाच गेला. आता एलिफंट बीचवर हत्ती दिसत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

गरुडपान

प्राणी-पक्ष्यांसाठी येणाऱ्यांनी अपेक्षा नीट लावून यावं. बिबट्या, वाघ, कोल्हा, माकडांच्या टोळ्या यांतलं इथे काही नाही. आहे ते वेगळं आणि बरंचसं जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं. हिरवीगार, अंगावर लाल ठिपके असलेली अंदमानी पाल दिवसाढवळ्या केळीच्या-नारळाच्या बुंध्यावर दिसते. काळा अंदमानी सुतार, अंदमानी कोतवाल, अंदमानी सर्पगरुड. कोकणात दिसतो तोच पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड इथेही किनाऱ्यावर घिरट्या घालतो. पहाटे पावणेपाचला बाहेर पडा. आठनंतर जंगल गप्प होतं.

चितळ दिसले तर खूश होण्याआधी एक लक्षात घ्या: ते इथले नाहीत. इंग्रजांनी आणून सोडले, खाणारं कुणी नाही, त्यामुळे झाडांची कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) ते अगदी हाताशी येतात. त्यांना बिस्किटं देऊ नका.

काळे-निळसर पट्टे असलेला समुद्री साप खडकात वेटोळं करून विसावलेला दिसू शकतो. विष जबर, पण स्वभाव शांत. त्याची वाट सोडून चार हातांवरून जा, तो काही करत नाही.

शंख-शिंपला कानाला लावायच्या आधी आत बघा. तिथल्या बहुतेक शंखांना मालक असतो आणि त्याला दहा पाय असतात. :)

शिंपी_नव्हे_शिंपला

शंखांवरून: किनाऱ्यावर सापडलेलं काहीही बॅगेत टाकू नका. प्रवाळ, अगदी मेलेला तुकडासुद्धा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो. विमानतळावर सामान तपासताना तो काढून घेतात आणि प्रकरण तिथेच संपेल असं नाही. दुकानातून विकत घेतलं तर पावती आणि नेण्याचा परवाना दोन्ही मागा. मुलाला आधीच समजावून ठेवा, नाहीतर खिशात निघतंच.

सौ_दामले

आजींसाठी काही सांगा ना कुणी. सगळे खडक आणि जंगलच लिहिताय.

पायवाट

@सौ_दामले, हॅवलॉकचा राधानगर किनारा. जेटीपासून बारा किलोमीटर, रिक्षा किंवा गाडी अगदी जवळपर्यंत जाते. मागे सागरी मोहाची प्रचंड झाडं आहेत, दुपारी ३ लाही दाट सावली. २०२० साली ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाल्यामुळे कपडे बदलायची जागा आणि स्वच्छतागृह आहे. वाळू घट्ट, चालायला सोपी.

एकच सांगणं: सूर्यास्ताची वेळ. बेटं मुंबईच्या कितीतरी पूर्वेला आहेत, पण घड्याळ तेच. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सव्वापाचच्या आत बुडतो, मुंबईपेक्षा तासभर लवकर. पाचला हॉटेलातून निघालात तर अंधारच मिळेल. साडेतीनला तिथे असा. सकाळी तसंच, साडेपाचनंतर उजाडलेलं असतं. हॅवलॉकलाच काळापत्थरचा रस्ता किनाऱ्याला लागून आहे, तिथे आजींना सकाळची फेरी छान होईल.

उधाणभांग

राधानगरला उत्तर टोकाच्या खाडीकडे, ज्याला नील्स कोव्ह म्हणतात, तिकडे पाण्यात जायचं नाही. २०१० मध्ये तिथे स्नॉर्केलिंग करणाऱ्या परदेशी पर्यटक महिलेचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ही मगर खारफुटीच्या खाड्यांत राहते, पण समुद्रातूनही लांबवर पोहते. साधे नियम: पाटी असेल तिथे नाही, खाडीच्या मुखाशी नाही, पहाटे आणि तिन्हीसांजेला नाही. जीवरक्षक असतील आणि दोऱ्या लावलेल्या असतील तेवढ्याच भागात उतरा. 'पाणी तर काचेसारखं आहे' हा पुरावा होत नाही.

डॉक्टर_खोपोली

औषधांचं.

बोट लागणं: अव्होमिनसारखी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. झोप येते, म्हणून त्या दिवशी स्कूटर चालवू नका. मुलाची मात्रा आणि आजींच्या चालू गोळ्यांशी जमतंय का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच. बसायला मधली किंवा मागची जागा, खालचा मजला. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकटही नको. दोन इडल्या पुरे.

सँडफ्लाय: पांढऱ्या वाळूतल्या या माश्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. सकाळ-संध्याकाळ जोर. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी घोटे आणि पोटऱ्या लाल होतात आणि खाज आठवडाभर राहते. वाळूवर थेट आडवं पडू नका, जाड चटई घ्या. खोबरेल तेलाचा चांगला जाड थर लावला की त्या चिकटून बसतात, चावू शकत नाहीत. खाजवू नका, पू होतो.

स्कूबा: सर्दी असेल तर नाहीच. नाक दाबून हलकेच फुंकून कान सारखे करायचे, तेही खाली जाताना सुरुवातीपासून, दुखायची वाट बघायची नाही. दहा वर्षं पूर्ण असतील तर मुलाला पहिल्या अनुभवाचा डाइव्ह करता येतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया हे फॉर्मवर लपवू नका. डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नाही, २४ ठेवले तर उत्तम. म्हणून डाइव्ह सुरुवातीच्या दिवसांत उरका, शेवटच्या दिवशी नको.

मिशीवाले

मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी येतं का?

डॉक्टर_खोपोली

येतं. नाकाखालची ओळ थोडी कापा किंवा तिथे व्हॅसलीन लावा. हसलात तरी येतं, गालाला सुरकुती पडते म्हणून. मास्कच्या पट्ट्याखाली केस अडकू देऊ नका. काच धुरकटू नये म्हणून आतून बेबी शॅम्पूचा एक थेंब चोळून खळबळून टाका.

शेवाळं

सनस्क्रीन थापून प्रवाळावर पोहू नका. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला, पाठही भाजत नाही. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून इथला प्रवाळ पांढरा पडला होता. उरलेल्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांना अडवलं पाहिजे. एक पाय पडला की कित्येक वर्षांची वाढ मोडते.

नवखा_२३

यातच बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बसतील का?

गरुडपान

बसवू नका. पोर्ट ब्लेअरहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. जिरकाटांगपासून गाड्यांचा ताफा जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं, सगळ्याला बंदी. तो रस्ता बघण्याची गोष्ट नाही, लोकांच्या घरातून जाणारी वाट आहे. ज्याला गुहाच बघायच्या असतील त्याने काच वर ठेवून, नजर समोर ठेवून जावं.

सौ_दामले

सेल्युलर जेल आजींना जमेल का? सावरकरांची कोठडी बघायचीच आहे.

दर्यासारंग

जमेल, पण कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढावे लागतात. सकाळी उन्हाआधी जा. तारकेसारख्या सात शाखा होत्या, बांधकाम १८९६ ते १९०६, आज तीन उभ्या आहेत. फाशीघर आणि कोलू (तेलाचा घाणा) खालीच आहेत, चढणं नको वाटलं तरी तिथे शांतपणे थांबता येतं. बाबाराव आणि तात्याराव दोघं भाऊ एकाच तुरुंगात होते, आणि बराच काळ त्यांना एकमेकांची भेट नव्हती, हे मुलाला आधी सांगून न्या. अर्धा दिवस द्या.

आणि मूळ मुद्द्यावर परत येताना: मी माझा क्रम बदलतो. उधाणभांग म्हणतात तसं तिथीवरून तारखा काढा, त्या तारखांची बोट विक्री उघडताच काढा. पण एक अट सोडू नका. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. डिसेंबर २०१६ च्या वादळात बोटी बंद झाल्या, हॅवलॉकला अडकलेल्या पर्यटकांना नौदलाने बाहेर काढलं. नुसता वारा वाढला तरी फेरी रद्द होते. हॅवलॉकहून सकाळी बोट आणि दुपारी विमान असं जोडणारा बेत कुणी दिला तर तो परत करा.

खारावारा

मान्य. मग आता असं दिसतंय, अमावस्येनंतरचे दिवस धरून:

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून थेट नील, तिथे दोन रात्री. उधाणामुळे पाणी जास्त उतरतं आणि दोन दिवस असल्यामुळे पूल उजेडात मिळायची संधी वाढते. मग हॅवलॉकला दोन रात्री. तोवर पाणी भांगाकडे झुकलेलं असतं, एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग जास्त निवळ पाण्यात. चंद्राची कोर संध्याकाळी लवकर मावळते, त्यामुळे अंधारात (सूक्ष्मजीवांमुळे) पाणी चमकताना बघायलाही संधी. हॅवलॉकला पोचल्या दिवशीच स्कूबा, दुसऱ्या सकाळी जंगलवाट. पाचवी रात्र पोर्ट ब्लेअर.

उधाणभांग

एक दुरुस्ती. जंगलवाटेच्या परतीची वेळ तक्त्यात बघा, जातानाची नाही. जाताना चिखल कोरडा असतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, दोन तास पोहण्यात जातात आणि परतताना तोच पट्टा भरलेला मिळतो. ओहोटीच्या दीड तास आधी रस्ता सोडा, ओहोटीनंतर दीड तासाच्या आत खारफुटी ओलांडून जंगलात शिरलेले असा. ओहोटी दुपारी उशिरा असेल तर त्या दिवशी वाट नको. जंगलात साडेचारलाच अंधारतं.

मृण्मयी_ठाणे

आणि नीलला सगळी बुकिंग्ज छापून न्या. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून नेट सुधारलंय, पण बेटावर ते जातं-येतं. रोख रकमेचंही तसंच, एटीएमवर विसंबू नका. स्कूटर घेणार असाल तर मूळ लायसन्स लागेल.

सौ_दामले

छापून घेते. भरतीचा तक्ताही त्याच पानाच्या मागे.